ऋण सोडण्याचा अधिकार कोणाचा?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे कोपरखैरणे हे एके काळी आगरी-कोळ्यांचे गाव होते. १९७० साली स्थापन झालेल्या 'सिडको'ने ज्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवी मुंबई वसविली, त्यांत या गावाचाही समावेश होता. आज तेथे जुने गावठाण आहे, बाजार समितीत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माथाडी कामगारांच्या वसाहती आहेत आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून पोटासाठी आलेल्या नोकरदारांच्या इमारती आहेत. या संमिश्र वस्तीत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. कोणी केरळ-तमिळनाडूतून आलेली, कोणी वसई-गोव्याकडची, कोणी नगर-जालन्याकडची मराठी. रविवारच्या उपासनेत अशी कुटुंबे जगभरच्या ख्रिस्ती जनांबरोबर आपल्या श्रद्धेचा जाहीर उच्चार करतात. सोळाशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या त्या विश्वासांगीकारात येशू आणि त्याची माता मरिया यांच्याखेरीज आणखी एकाच माणसाचे नाव येते. तो संत नव्हे, प्रेषित नव्हे. तो रोमन साम्राज्याचा यहूदिया प्रांतावरील सुभेदार पंतय पिलात होय.

शत्रूलाही क्षमा करावी असे शिकविणाऱ्या धर्माने आपल्या श्रद्धेच्या मूळ उच्चारात त्या सुभेदाराचे नाव का टिकवून ठेवावे? सूडासाठी निश्चितच नव्हे. कारण ज्याच्या मृत्यूची ही आठवण आहे, त्याने वधस्तंभावरूनच आपल्या मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, असे शुभवर्तमान सांगते. तरीही नाव राहिले. एक निरपराध माणूस एका विशिष्ट राजवटीत, एका विशिष्ट अधिकाऱ्याच्या हुकमाने मारला गेला, ही गोष्ट त्या नावामुळे दंतकथेत विरून गेली नाही. क्षमा झाली, पण नोंद पुसली गेली नाही. क्षमा आणि नोंद यांचा हा संबंध नीट समजून घेण्याची गरज आज ख्रिस्ती समाजाला आहे, आणि समतेच्या चळवळीतील कार्यकर्त्यांनाही आहे. ती का आहे, हे कळण्यासाठी कोपरखैरण्याहून फार दूर जावे लागत नाही. याच नवी मुंबईच्या दुसऱ्या टोकाला तळोज्याचे मध्यवर्ती कारागृह आहे.

तळोज्यातील चौऱ्याऐंशीवे वर्ष

फादर स्टॅन स्वामी यांचा जन्म २६ एप्रिल १९३७ रोजी तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. ते जेझुइट संघाचे धर्मगुरू होते. बंगलोरच्या 'इंडियन सोशल इन्स्टिट्यूट'चे संचालकपद सांभाळल्यानंतर त्यांनी आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे झारखंडमधील आदिवासींबरोबर काढली. रांचीजवळच्या नामकुम येथील 'बगाइचा' हे त्यांचे केंद्र. त्यांचा प्रश्न साधा होता. राज्यघटनेची पाचवी अनुसूची आहे, १९९६ चा 'पेसा' कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. मग आदिवासींच्या जमिनी त्यांच्या संमतीवाचून जातात कशा? आणि हा प्रश्न विचारणारी आदिवासी पोरे नक्षलवादी ठरवून तुरुंगात वर्षानुवर्षे का खितपत पडतात? २०१६ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १०२ कच्च्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे अशा कैद्यांचे खटले वेगाने चालावेत म्हणून ते झारखंड उच्च न्यायालयातही गेले.

८ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने त्यांना 'बगाइचा'तून अटक केली. ३१ डिसेंबर २०१७ ची पुण्यातील एल्गार परिषद आणि १ जानेवारी २०१८ चा भीमा-कोरेगावचा हिंसाचार या प्रकरणातील ते सोळावे आणि सर्वांत वयोवृद्ध आरोपी. आपण भीमा-कोरेगावला कधी गेलोच नाही आणि संगणकात सापडलेली म्हणून दाखविलेली कागदपत्रे आपली नाहीत, असे त्यांनी अटकेपूर्वीच जाहीरपणे सांगून ठेवले होते. त्र्याऐंशी वर्षांच्या, कंपवाताने हात थरथरणाऱ्या, दोन्ही कानांनी कमी ऐकू येणाऱ्या या माणसाला मुंबईच्या विशेष न्यायालयात उभे करण्यात आले आणि तेथून त्यांची रवानगी तळोज्याला झाली. तपास यंत्रणेने चौकशीसाठी त्यांचा ताबाही मागितला नाही.

त्यानंतरची एक हकिकत सर्वांच्या लक्षात आहे. कंपवातामुळे पेला ओठांपर्यंत नेता येत नसल्याने त्यांना नळी असलेला पेला लागे. तो मिळावा म्हणून ६ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयात अर्ज करावा लागला. वीस दिवसांनी तपास यंत्रणेने उत्तर दिले की, असा पेला आपण जप्त केलेलाच नाही. देशाच्या निरनिराळ्या भागांतून नागरिकांनी तळोजा कारागृहाच्या पत्त्यावर असे पेले धाडले. तो पेला त्यांना दिला असल्याचे तुरुंग प्रशासनाने नंतर सांगितले. परंतु पाणी पिण्याच्या साधनासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते, एवढी गोष्ट त्या वीस दिवसांनी नोंदवून ठेवली.

तळोज्याहून त्यांनी मित्रांना लिहिलेल्या पत्रांत तक्रारीचा सूर नाही. अरुण फरेरा आपल्याला न्याहारी व जेवण भरवितो, व्हर्नन गोन्साल्विस अंघोळ घालतो, कोठडीतील इतर दोन गरीब सोबती कपडे धुतात व गुडघे चोळून देतात, असे त्यांनी लिहिले. या सोबत्यांची प्रार्थनेत आठवण ठेवा, अशी विनंतीही त्यांनी केली. शंभर दिवस उलटल्यावरच्या पत्रात ते पुन्हा स्वतःबद्दल न बोलता कच्च्या कैद्यांबद्दल बोलले. आपल्यावर कोणता आरोप आहे हेही या गरिबांना ठाऊक नसते, त्यांनी आपले आरोपपत्र पाहिलेले नसते, असे त्यांनी कळविले. आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यालाही गाता येते, असे म्हणून ते पत्र संपविले.

२२ मार्च २०२१ रोजी विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन नाकारला. २१ मे रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा त्यांनी सांगितले की, तळोज्यात आलो तेव्हा मी चालू शकत होतो, लिहू शकत होतो, स्वतः अंघोळ करू शकत होतो. आता यांपैकी काहीच उरलेले नाही. सरकारी रुग्णालयात जाण्यापेक्षा आपल्या माणसांत राहण्यासाठी अंतरिम जामीन द्यावा, नाही तर येथेच मरण यावे, अशी त्यांची मागणी होती. २८ मे रोजी न्यायालयाने त्यांना बांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्याचा आदेश दिला. तेथे त्यांना कोविडची लागण झाल्याचे उघड झाले. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाची सुनावणी चालू असतानाच त्यांच्या मृत्यूची बातमी न्यायालयाला देण्यात आली.

मेलेल्या माणसावरचा आरोप

आरोपी मरण पावला की त्याच्यापुरता खटला संपतो. कायद्याच्या दृष्टीने हे स्वाभाविक असले, तरी त्याचा परिणाम भयंकर आहे. स्टॅन स्वामी दोषी ठरले नाहीत. पण ते निर्दोषही कधी ठरणार नाहीत. जामीन नाकारताना कनिष्ठ न्यायालयाने सरकार उलथविण्याच्या कटासंबंधी जी प्रथमदर्शनी मते नोंदविली, तेवढीच कागदावर उरली. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील 'आर्सेनल कन्सल्टिंग' या संगणक-तपासणी संस्थेने बचाव पक्षासाठी केलेल्या पाहणीत म्हटले की, स्वामींच्या संगणकात बाहेरून शिरून आक्षेपार्ह कागदपत्रे पेरण्यात आली होती. असे निष्कर्ष तपास यंत्रणेने मान्य केलेले नाहीत. एरवी अशा वादाचा निवाडा खटल्यात झाला असता. पण स्वामींसाठी आता खटलाच उरलेला नाही.

म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचे निकटवर्तीय या नात्याने सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे माजी प्राचार्य फादर फ्रेझर मस्कारेन्हस मुंबई उच्च न्यायालयात गेले. मृताच्याही नावाला प्रतिष्ठा असते, तिच्यावरील डाग पुसला जावा, अशी त्यांची मागणी होती. त्याआधी, १९ जुलै २०२१ रोजी, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने स्वामींच्या कार्याविषयी तोंडी आदर व्यक्त केला होता. तपास यंत्रणेच्या वकिलांनी त्यास हरकत घेतली आणि चार दिवसांनी ते तोंडी उद्गार मागे घेण्यात आले. आदराचे दोन शब्दही टिकू शकले नाहीत. संशयाचे शब्द मात्र आदेशात टिकून राहिले. स्मरणाचा प्रश्न हा केवळ भावनेचा प्रश्न नसतो, तो कोणते शब्द दप्तरात राहावेत याचा प्रश्न असतो, हे यावरून ध्यानात यावे.

येथेच ख्रिस्ती माणसाला दोन बाजूंनी उपदेश होतो. एक बाजू म्हणते, तुमचा धर्म क्षमेचा आहे. झाले गेले विसरून जा, न्यायालयाच्या पायऱ्या कशाला झिजविता? हा उपदेश पुष्कळदा मंडळीच्या आतूनच, शाळा-दवाखान्यांवर सरकारची वक्रदृष्टी नको या धास्तीतून होतो. दुसरी बाजू चळवळीतली. ती म्हणते, क्षमा ही दुबळ्यांना दुबळे ठेवण्याची युक्ती आहे. सावकार, जमीनदार आणि मालक यांनी नेहमीच गरिबाला क्षमेचे धडे दिले, कारण त्यात त्यांची सोय होती. या दुसऱ्या बाजूचे म्हणणे सहजासहजी झटकून टाकता येणार नाही. अन्याय करणाऱ्याने आधी अन्याय करावा आणि मग पीडिताला उदार व्हायला सांगावे, हा प्रकार इतिहासात वारंवार घडला आहे.

तथापि या दोन्ही बाजू एकाच चुकीच्या गृहीतावर उभ्या आहेत. क्षमा म्हणजे विसरणे, असे दोघीही मानतात. ख्रिस्ती परंपरेतील मूळ कल्पना तशी नाही.

ऋणाची वही

येशूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या मराठी भाषांतरात, अपराधासाठी 'ऋण' हा शब्द आला आहे. हा शब्द महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. ऋण कोण सोडू शकतो? ज्याचे देणे आहे तो. ऋणकोने आपणच वहीवर काट मारली, तर तिला ऋणमाफी म्हणत नाहीत, तिला लबाडी म्हणतात. तिसऱ्यानेच उठून परस्पर माफी जाहीर केली, तरी तिला अर्थ नसतो. आणि ज्या ऋणाची नोंदच झाली नाही, ते सोडायचे तरी कसे? आधी वही खरी असली पाहिजे. देणे किती, कोणाचे, कशापायी झाले, हे मान्य झाले पाहिजे. त्यानंतर धनकोने उदारपणे ते सोडले, तर ते सोडणे मोलाचे ठरते. म्हणजे खरे स्मरण हे क्षमेच्या आड येत नाही; क्षमा शक्य होते ती त्याच्या पायावरच.

शुभवर्तमानातील इतर कथाही हेच सांगतात. जकातदारांचा प्रमुख जक्कय याला येशूने जवळ केले, तेव्हा त्याने अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे आणि निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे कबूल केले. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटला, तेव्हा त्याच्या हातांवरचे खिळ्यांचे व्रण नाहीसे झालेले नव्हते. संशयी थोमाला त्याने तेच दाखविले. आणि ज्या प्रभुभोजनाभोवती ख्रिस्ती उपासना उभी आहे, ते त्याने आपल्या स्मरणासाठीच करण्यास सांगितले होते. छळ करून मारलेल्या माणसाची आठवण हीच ज्या धर्माची मुख्य विधी-क्रिया आहे, त्याला विस्मरणाचा धर्म म्हणता येणार नाही.

हा भेद आचरणात कसा उतरतो, याचे उदाहरण ओडिशात घडले. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री, केओंझर जिल्ह्यातील मनोहरपूर येथे, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, दहा वर्षांचा फिलिप व सहा वर्षांचा टिमोथी, यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारण्यात आले. त्यांची पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि बारीपद्याच्या कुष्ठधामातील काम पुढे पाच वर्षे चालू ठेवले. पण क्षमा आणि गुन्ह्याचे कायदेशीर परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनी स्पष्ट केले. त्या चौकशी आयोगापुढे गेल्या, कायद्याच्या वाटेत आडव्या आल्या नाहीत. २१ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम केली, तेव्हा त्या निकालपत्रात स्टेन्स यांना धर्मांतराबद्दल धडा शिकविण्याचा हेतू असल्यासंबंधी काही वाक्ये होती. त्यांवर देशभर टीका झाली आणि चार दिवसांत न्यायालयाने ती स्वतःहून बदलली. ग्लॅडिस यांच्या क्षमेने ती वाक्ये बदलली गेली नसती. नागरिकांच्या जागरूक स्मरणाने ती बदलली गेली.

मराठी वाचकाला तर हा भेद घरातलाच आहे. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मागे एकट्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परतल्या, स्वतःही ख्रिस्ती झाल्या, संसार केला. १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी टिळकांचा संताप, त्यांचा लहरीपणा आणि स्वतःचे हाल यांतले काहीही झाकले नाही. आणि तरीही त्या पुस्तकात कडवटपणा औषधालाही सापडत नाही. ज्याला सर्व काही आठवते, त्याचीच क्षमा अस्सल असते.

धनको कोण आणि ऋणको कोण

मग स्टॅन स्वामींच्या बाबतीत क्षमा कोणी करावी? ज्यांना तो अधिकार होता, ते आता नाहीत. मागे राहिलेले त्यांच्यावर प्रेम करू शकतात, त्यांचे काम पुढे नेऊ शकतात. पण त्यांच्या वतीने ऋण सोडू शकत नाहीत. आणि राज्यसंस्थेने तर देणे आहे हेच मान्य केलेले नाही. दक्षिण आफ्रिकेत हा पेच फार तीव्रतेने उभा राहिला होता. स्टीव्ह बिको १२ सप्टेंबर १९७७ रोजी पोलिसांच्या कोठडीत झालेल्या मारहाणीने मरण पावले. वर्णद्वेषी राजवट गेल्यावर आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य व समेट आयोग नेमला गेला. खरे सांगणाऱ्याला माफी, असे त्याचे सूत्र होते. बिकोंच्या कुटुंबीयांनी या माफीलाच १९९६ मध्ये घटना न्यायालयात आव्हान दिले. ते हरले. पण पुढे बिकोंच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांनी माफी मागितली, तेव्हा ती नाकारण्यात आली. कारण त्यांनी पूर्ण सत्य सांगितले नव्हते. समेटाला सर्वस्व मानणाऱ्या त्या व्यवस्थेनेही सत्याची अट सोडली नाही. भारतात तर आजवर सत्य विचारणारा असा आयोगही नाही.

येथे ख्रिस्ती मंडळींनाही स्वतःची वही उघडावी लागते. येशूच्या मृत्यूचा दोष समग्र ज्यू समाजावर टाकून युरोपातील ख्रिस्ती जगाने शतकानुशतके त्यांचा छळ केला. रोमन कॅथलिक चर्चने हा आरोप १९६५ साली व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेत अमान्य केला. स्मरण खोटे असले की ते किती घातक ठरते, याचा हा धडा आहे. पिलाताचे नाव दर रविवारी घेणाऱ्यांनीच तो विसरावा, हे दुर्दैव होते. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधला अल्पकाळ वगळता, धर्मसमीक्षण न्यायालयाचा जुलूम चालला. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या पुत्रांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या असहिष्णुतेबद्दल जाहीर क्षमायाचना केली. भारतातील कॅथलिक धर्माध्यक्षांनीही २०१६ मध्ये चर्चच्या आत दलित ख्रिस्ती बांधवांशी होणारा भेदभाव कबूल करून तो दूर करण्याचे धोरण प्रसिद्ध केले. कबुली ही सुरुवात आहे. चौपट परतफेड अजून व्हायची आहे. ज्याला दुसऱ्याकडून सत्य मागायचे आहे, त्याने स्वतःची देणी लपवून चालणार नाही.

समाजवादी चळवळीलाही या प्रश्नापासून अलिप्त राहता येणार नाही. स्नेहलता रेड्डी यांचे उदाहरण तिच्याच घरातले आहे. आणीबाणीत, २ मे १९७६ रोजी, बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संशयावरून त्यांना अटक झाली. दम्याने जर्जर असलेल्या या अभिनेत्रीला बंगलोरच्या तुरुंगात खटल्यावाचून डांबण्यात आले. १५ जानेवारी १९७७ रोजी, प्रकृती हाताबाहेर गेल्यावर, त्यांना सोडण्यात आले आणि पाच दिवसांत त्यांचे निधन झाले. आजारी कैदी, न चाललेला खटला, फार उशिरा मिळालेली सवलत. चव्वेचाळीस वर्षांनी तळोज्यात घडले ते याहून किती वेगळे होते? आणीबाणीनंतर शहा आयोगाने अत्याचारांची नोंद केली; पण १९८० नंतर तो अहवाल अडगळीत गेला आणि देशाने वही मिटली. 'मिसा' गेला, परंतु १९६७ च्या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात २००८ साली जामीन जवळजवळ अशक्य करणारी तरतूद आली. ती आणणारे सरकार आजच्या सत्ताधाऱ्यांचे नव्हते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वही मिटली की तेच ऋण नव्या नावाने चढते.

स्मरणाचे काम

खरे स्मरण काय करू शकते, हे नवी मुंबईच्या भूमिपुत्रांना माहीत आहे. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी, शेतकरी कामगार पक्षाचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यांची आठवण दरवर्षी जानेवारीत पाळली जाते. पण ती केवळ हार घालण्यापुरती राहिली नाही. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्ताच्या नोंदीतूनच उभा राहिला आणि गावोगावचे शेतकरी त्या हक्कासाठी वर्षानुवर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत राहिले. २४ जून २०२१ रोजी, दि. बां.च्या स्मृतिदिनी, नव्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून हजारो लोक बेलापूरला 'सिडको'वर चालून गेले. त्याच दिवशी खाडीपलीकडे बांद्र्याच्या रुग्णालयात, झारखंडच्या जमिनींचा तोच प्रश्न विचारणारा एक कैदी अखेरच्या दिवसांतून जात होता. या दोन गोष्टींतले नाते तेव्हा फारसे कोणाच्या ध्यानात आले नाही. ते दाखवून देणे हे कार्यकर्त्याचे काम होते आणि आहे.

हे काम नुसत्या जयंती-पुण्यतिथीने होत नाही. स्टॅन स्वामींचे चित्र भिंतीवर लावून पाच जुलैला मेणबत्त्या पेटविणे सोपे आहे. पण त्यांनी स्वतःची आठवण ठेवण्यास सांगितले नव्हते. कोठडीतल्या सोबत्यांची आठवण ठेवण्यास सांगितले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार, ज्या वर्षी ते वारले त्या २०२१ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ५४ हजार माणसे होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख २७ हजार, म्हणजे शेकडा ७७, कच्चे कैदी होते. कायद्याच्या नजरेत ही सारी माणसे निरपराध आहेत. व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांनाही सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळायला २८ जुलै २०२३ उजाडावा लागला; अटकेला तेव्हा जवळजवळ पाच वर्षे झाली होती. नामांकित वकील पाठीशी असलेल्यांची ही गत, तर तळोज्यातल्या अनामिक कैद्याची काय असेल!

तेव्हा कोपरखैरण्यातील ख्रिस्ती मंडळी आणि तेथील पक्षाचा कार्यकर्ता यांच्यासमोर एकच काम आहे. तळोज्यात ज्यांना वकील नाही, ज्यांच्या घरच्यांना भेटीचे भाडे परवडत नाही, ज्यांचे आजार दप्तरात चढत नाहीत, त्यांची यादी करणे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यांचे अर्ज नेणे. कोठडीतील प्रत्येक मृत्यूच्या चौकशीचे निष्कर्ष लोकांपुढे यावेत म्हणून आग्रह धरणे. आणि जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद, हे तत्त्व या कायद्यांनाही लागू व्हावे म्हणून लोकमत उभे करणे. प्रार्थनेसाठी जमणारे हात आणि मोर्चासाठी उठणारे हात या कामात एकत्र यायला हरकत नाही. मेळ्यापुरती मैत्री याला पुरणार नाही. नेमाने, महिनोन्महिने करण्याचे हे काम आहे.

क्षमेचा प्रश्न मग आपोआप योग्य जागी जाईल. एखाद्या दिवशी राज्यसंस्था देणे मान्य करील, मेलेल्या माणसाच्या नावावरचा डाग पुसला जाईल, कच्च्या कैद्यांच्या कोठड्या रित्या होतील. त्या दिवशी ज्यांचे देणे आहे ते ऋण सोडतील की नाही, हे त्यांनीच ठरवावे. ती घाई करण्याचा अधिकार सरकारला नाही, धर्मोपदेशकाला नाही आणि पक्षालाही नाही. तोपर्यंत वही खरी ठेवणे एवढेच इतरांच्या हाती आहे. रोमचे साम्राज्य केव्हाच मातीस मिळाले. पिलाताचे नाव मात्र रविवारच्या उपासनेत अजून घेतले जाते, आणि ते घेणारे त्याचा द्वेष करीत नाहीत.